ऐकणारीची जागा

श्रावणात कहाणी सांगायची तर ऐकणारी लागते. एकटीनं वाचली तर ते नुसतं वाचन होतं, कहाणी होत नाही, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. त्यांची शिस्त होती. सांगणारीनं पूर्वेकडे तोंड करून बसायचं, ऐकणारीनं तिच्या उजव्या अंगाला, मुठीत तांदूळ धरून. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, फक्त ‘हूं’ म्हणायचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी श्रावणात रोज सकाळी कहाणी झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. सांगणारी मी. ऐकणारी माझी मोठी जाऊ, आशाताई.

यंदा कहाणीच्या मागून आम्ही गाणी ऐकायला लागलो, त्याचीच ही गोष्ट आहे.

आशाताईंचा करण हैदराबादेत चार पोरांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष सोडून तो त्यात गेला, तेव्हापासून त्याचे वडील उद्धवराव त्याच्याशी बोलत नाहीत. उद्धवराव म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. मी त्यांच्यासमोर पदर घेते, आणि काही सांगायचं असलं तर आशाताईंमार्फत सांगते. आमचे हे उटनूरला आश्रमशाळेत नोकरीला आहेत, पंधरा दिवसांनी येतात. त्यामुळे जैनथजवळच्या या घरात आम्ही तिघंच.

श्रावण लागला त्याच दिवशी माझ्या लेकानं, वैभवनं, मंचेरियलहून माझ्या मोबाइलवर पाठवलं. करणच्या बँडचा रॉकचा अल्बम निघाला होता, आठ गाण्यांचा. सोबत लिहिलं होतं, ‘काकूला ऐकव. कानात घालून ऐका, नाहीतर काही कळणार नाही.’

कानात घालायची वायर एकच होती, तीही वैभव मागे विसरून गेलेली. कहाणी झाली, आशाताईंच्या मुठीत तांदूळ तसेच होते. त्या म्हणाल्या, “लाव वं सुवर्णा. एक तुह्या कानात, एक माह्या कानात.”

पहिल्या दिवशी मला वाटलं, कापसाच्या जिनिंगचं यंत्र कानात सुरू झालं. आशाताई मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत बसल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, “एका दिवशी एकच ऐकू. घाईनं उरकाचं नाई. पोरानं दीड वर्ष लावलं त्याले.”

मग तोच नेम झाला. रोज कहाणी, मग एक गाणं. मधे उठायचं नाही, एकटीनं ऐकायचं नाही. आठ दिवसांत आठ गाणी झाली, नवव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून धरली. आणि दुसऱ्या फेरीत ती गाणी उलगडायला लागली. जुनी गोधडी उसवताना वरच्या लुगड्याखाली दुसरं लुगडं निघतं, त्याखाली कुणाचं तरी धोतर, तसं. मोठ्या ढोलाच्या खाली बारीक काहीतरी चालू असायचं, त्याच्याही खाली कुणीतरी गुणगुणत असायचं. चौथ्या गाण्यात सगळा गोंगाट एकदम थांबतो आणि एकच तार हळूहळू विझत जाते. तिथे आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो. बायांच्या जातीला रॉक काय कळतो, असं कुणी म्हणेल. पण ऐकायची सवय आम्हाला होती. आमच्यासारखं ऐकणारं त्या पोरांना कुणी भेटलं असेल, असं मला वाटत नाही.

कधीकधी आमचं जमत नसे. त्या म्हणायच्या, “पयल्या गाण्यात ते पाण्याचं खळखळणं किती गोड हाय.” मी म्हणायची, “पाणी कुठं? तिथं तर घंटा आहे.” सहाव्या गाण्यात मला एक ठोका फार आवडायचा, थप्-थप्… थप्, जणू कुणी हलक्या हातानं दार वाजवतंय. त्या म्हणायच्या, “मले तर नाई आला कोणता ठोका. तू झोपली असशीन.” आम्ही हसायचो. ज्याचा त्याचा कान, असंच आम्हाला वाटलं.

दुसऱ्या फेरीतलं सहावं गाणं शनिवारी आलं.

अर्ध्यावर आशाताईंनी माझा हात घट्ट धरला. नेमाप्रमाणे बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मुठीतले तांदूळ माझ्या मांडीवर सांडले. गाणं संपलं तसं त्या म्हणाल्या, “मी बोलून राह्यली त्यात.”

“काय?”

“माह्या आवाज हाय वं. ‘करण, ये ना रे बाप्पा, भाकर निवून राह्यली.’ मी दोनदा म्हणते. दुसऱ्यांदा जरा रागानं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. “दिवाळीत आला होता तवा दिवसभर खिडकीत मोबाइल ठेवून बसला होता. तवाच धरला असंल माह्या आवाज.”

मी म्हटलं, पुन्हा लावू. पुन्हा ऐकलं. गिटार, ढोल, माझा तो ठोका. आवाज नव्हता. तिसऱ्यांदाही नव्हता. त्या मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी माझा हात दाबायच्या.

मी मोबाइल बंद करून बाजूला ठेवला.

कारण तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. आशाताईंची आई वारली आणि महिन्याभरानं त्यांना तिची हाक ऐकू यायला लागली. एका पहाटे त्या हाकेमागून चालत पैनगंगेत छातीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मासे धरणाऱ्या भोयांनी ओढून काढलं. मग भासऱ्यांनी त्यांना नदीपलीकडे एका ठिकाणी नेलं, तिथे असल्या बायांना एकवीस दिवस ठेवून घेतात. परत आल्या तेव्हा मनगटांवर दोराचे वळ होते, आणि दोन महिने त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिथे काय झालं ते त्यांनी मलासुद्धा सांगितलेलं नाही. घरात दावं कुठे लोंबताना दिसलं तर त्या अजून दुसऱ्या दारानं जातात.

“ताई, भाऊजींना सांगू नका,” मी म्हटलं.

“काऊन नाई सांगू? पोरानं मायचा आवाज घेतला गाण्यात. बापाले कळू दे ना.”

दुपारी पायरीवर चपला वाजल्या तशी मी पदर घेऊन स्वयंपाकघरात गेले. आशाताईंनी वाढता वाढता सगळं सांगितलं. भासऱ्यांचा घास हातातच राहिला.

“कोणाचा आवाज?”

“माह्याच.”

“तुले तुह्याच आवाज ऐकू येऊन राह्यला.”

“गाण्यात वो. असा हवेत नाई.”

त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग ताटावरून उठले, दाराशी आले, आणि आत न बघता विचारलं, “सुवर्णा, तू बी ऐकलं ना ते गाणं?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, “हो.”

“मंग? हाय त्यात हिचा आवाज?”

आशाताई ताट धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, अगदी बिनधास्त. मी जे ऐकलं होतं तेच सांगणार, याची त्यांना खात्री होती.

“मला नाही ऐकू आला,” मी म्हटलं.

“तू नेमाची बाई. तू खोटं नाई बोलणार,” भासरे म्हणाले. आशाताईंनी ताट खाली ठेवलं.

संध्याकाळी भासऱ्यांनी स्वतः ऐकायचं ठरवलं. मोबाइल बाजेवर ठेवला, आवाज मोठा केला. त्या एवढ्याशा डब्यातून सहावं गाणं कढईत फुटाणे उडावेत तसं बाहेर आलं. काहीच सुटं ऐकू येईना. आशाताई म्हणाल्या, “अशानं नाई समजत. कानात घालून ऐका.” भासऱ्यांनी वायर उचलली, गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. “हे कानात घातल्यानंच सुरू झालं,” म्हणाले.

रविवारी मी वैभवला फोन लावत राहिले. तो कोळशाच्या खाणीत आहे, पाळीवर असला की मोबाइल वरच ठेवून खाली उतरतो. दुपारी तीनला लागला.

“सहाव्या गाण्यात काकूचा आवाज? मला नाही आठवत, आई. मी बसमधे ऐकलं होतं, तेही कानात न घालता, मोबाइलवरच.”

“करणला विचार ना.”

“त्याचा फोन लागून नाही राह्यला. ते सारे मेघालयात गेलेत कार्यक्रमाला. डोंगरात आहेत. येतील बुध-गुरुवारी.”

बुधवार फार लांब होता. भासऱ्यांनी आशाताईंना त्याच ठिकाणी न्यायला जीप सांगितली होती, सोमवारी सकाळी नऊची.

मी आशाताईंमार्फत बोलायची, पण आता कुणामार्फत बोलणार? दारामागून मीच म्हटलं, “भाऊजी, गुरुवारपर्यंत थांबा. करणला विचारू.”

“मागच्या वेळी बी चार दिवस थांबलो होतो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रात्री त्यांनी त्यांची बाज मोठ्या दाराला आडवी लावली. पहाटे मी सडा टाकायला उठले तर ते तसेच बसून होते, मागच्या दाराकडे बघत. हा माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आशाताई माझ्यावर रागावल्या नाहीत. रविवारभर त्यांनी कपाशीत निंदण केलं, संध्याकाळी दोन लुगडी पिशवीत भरली. पिशवीचा बंद नाडीचा होता. तो काढून त्यांनी तिथे पिन लावली. मी बघत होते, हे त्यांना माहीत होतं.

“खरंच नाई आला तुले?” एवढंच त्यांनी विचारलं.

“नाही ताई.”

“हूं,” त्या म्हणाल्या. कहाणीत म्हणतात तसं.

सोमवारी साडेआठलाच जीप आली. मी अजून पाणी घेतलं नव्हतं. आशाताई आंघोळ करून, पिशवी दाराशी ठेवून देवापुढे आल्या. भासऱ्यांना म्हणाल्या, “कहाणी झाल्याबिगर मी हालत नाई. अन् मागून एक गाणं. तेवढं कानातलं द्या. मंग म्हणशान तिथं येते.”

भासरे जीपवाल्याकडे बघत राहिले. मग कपाट उघडलं. “एकच,” म्हणाले आणि ओसरीत जाऊन बसले.

मी पाट मांडला. आशाताई माझ्या पाटावर बसल्या.

“ताई, ती सांगणारीची जागा.”

“आज मी सांगते. एकवीस दिवस मले कोण सांगू देणार हाय? तू बस ऐकाले.”

मी त्यांच्या उजव्या अंगाला बसले. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा तिथे बसत होते. मुठीत तांदूळ घेतले. त्यांना कहाणी पाठ होती, माझ्याहून चांगली. कुठे थांबायचं, कुठे ‘हूं’ची वाट बघायची, सगळं त्यांना माहीत होतं. बाहेर जीपवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. भासरे त्याला काहीतरी म्हणाले, मग तो गप्प झाला.

कहाणी संपली. मी सहावं गाणं लावलं. वायर आमच्या मधे लोंबत होती. एक टोक त्यांनी आपल्या उजव्या, माझ्याकडच्या कानात घातलं, दुसरं मी माझ्या डाव्या कानात, तोच कान त्यांच्याकडे होता.

गाणं सुरू झालं आणि मला वाटलं मी चुकून दुसरंच लावलं. माझा ठोका कुठेच नव्हता. गिटार होती, पण लांब गेलेली, जणू शेजारच्या घरात वाजतेय. जवळ होतं ते निराळंच, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज, चुलीत फुंकर मारल्यासारखा श्वास. मी मोबाइलकडे पाहिलं. सहावंच होतं.

आशाताई ताठ बसल्या होत्या. ती जागा जवळ येत होती, ते मला त्यांच्या हाताच्या पकडीवरून कळत होतं. मग पकड ढिली पडली. मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी मान हलवली, हळूच, आणि नेम मोडून म्हणाल्या,

“नाई वं. मलेही नाई ऐकू येऊन राह्यलं. तुमचंच खरं होतं.”

आणि त्याच वेळी माझ्या कानात कुणीतरी म्हणालं, ‘करण, ये ना रे बाप्पा. भाकर निवून राह्यली.’

स्पष्ट. अगदी कानाजवळ. चुलीचा धूर लागल्यासारखा घसा. मग पुन्हा, जरा रागानं.

ऐकताना बोलायचं नाही. अकरा वर्षांत सासूबाईंचा नेम मी एकदाही मोडला नव्हता. पण आशाताई उठल्या होत्या, पिशवीकडे निघाल्या होत्या, आणि पायरीशी जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. मी मूठ सोडली. तांदूळ पाटावर पसरले.

“ताई, बसा. आहे. तुमचा आवाज आहे.”

“नको वं. आता माह्यासाठी खोटं नको बोलू.”

“मी खोटं बोलत नाही. बसा म्हणते ना.”

मी आवाज चढवला होता. आशाताई त्यानंच खाली बसल्या असाव्यात. मी माझ्या कानातलं काढून त्यांच्या कानात घातलं, त्यांचं मी घेतलं, आणि गाणं मागे नेलं. लगेच माझा ठोका आला, थप्-थप्… थप्. आशाताईंनी डोळे मिटले. मग त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि त्याच जागी दाबला गेला.

दोन टोकांवर दोन बारीक अक्षरं होती, डाव्याचं एक, उजव्याचं एक. पोरांनी एका कानात एक घातलं होतं, दुसऱ्यात दुसरं, आणि दोन्ही मिळून गाणं होतं. आणि आम्ही पंधरा दिवस सासूबाईंच्या शिस्तीनं, आपापल्या जागी बसून, अर्धं अर्धं ऐकलं होतं. पाणीही होतं आणि घंटाही होती. मी खरं बोलले होते आणि माझ्या खऱ्यानं जीप दाराशी आली होती.

“चाल,” भासरे दारात उभे राहून म्हणाले. “झालं ना?”

“भाऊजी, ताईंच्या आवाजाचं खरं आहे,” मी म्हटलं. पदर खांद्यावर उतरला होता, तो मी तसाच राहू दिला. “मी आत्ता ऐकला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाटावर सांडलेल्या तांदळांकडे. त्यांच्या नजरेत जे आलं ते मी ओळखलं. तीन वर्षांपूर्वी भोयांनी हाक मारली, तेव्हा याच चेहऱ्यानं ते घरातून धावले होते.

“आता तू बी?” ते म्हणाले.

मला एकदम कळलं की पिशव्या दोन होऊ शकतात. मी हळूच म्हटलं, “बसा इथं. ऐकणारीच्या जागी. दोन्ही कानांत घाला. नसलं त्यात काही, तर मी पण जीपमध्ये बसते, तुम्हाला सांगावं लागणार नाही.”

जीपवाला ओसरीपर्यंत आला होता. भासऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं. मग ते आत आले आणि पाटावर बसले, गुडघे वर करून, अवघडून. मी वायर त्यांच्या कानाला कशी लावणार? आशाताईंनी लावली. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं. दोन्ही टोकं त्यांनी नीट दाबून बसवली.

मी गाणं सुरुवातीपासून लावलं.

आता आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. गाणं पाच मिनिटांचं आहे. पहिलं मिनिट त्यांनी भुवया आकसून काढलं. दुसऱ्यात एकदा डावीकडे वळून पाहिलं, स्वयंपाकघराकडे, जणू तिथे कुणी भांडं ठेवलं. आशाताई मोबाइलवरच्या सरकत्या रेघेकडे बघत होत्या. रेघ अर्ध्यावर आली.

भासऱ्यांनी काही केलं नाही. डोळे सांडलेल्या तांदळांवर होते. मग त्यांनी तोंड किंचित उघडलं, आणि आवाज न करता ओठांनी म्हटलं, निवून राह्यली.

आशाताई रडल्या नाहीत.

भासऱ्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मधे उठले नाहीत. कानातलं काढून वायर गुंडाळत असताना म्हणाले, “दुसऱ्या कानात ते काय वाजून राह्यलं होतं? थप् थप् करून?”

“असंल काही,” आशाताई म्हणाल्या.

“चांगलं हाय पण ते.” वायर त्यांनी कपाटात ठेवली नाही, देवापुढच्या पाटावर ठेवली. मग पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेऊन खुंटीला लावली आणि जीपवाल्याला परत पाठवायला बाहेर गेले. त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. जीप वळून गेली.

मी खाली वाकून तांदूळ वेचत होते. “ताई, परवा मी तसं बोलले…”

“तू जे ऐकलं ते बोलली,” आशाताई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी लावलेल्या खुंटीकडे बघत होत्या. तेवढं मला सोसायचं होतं.

बाहेर अंगणात चिखल होता. भासरे परत आले, पायरीशी थांबले, आणि चपलांची माती झाडली. दोनदा झटक्यात, मग थोडं थांबून एकदा.

थप्-थप्… थप्.

माझा हात तांदळांवर थांबला. आशाताईंनी आता माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवस मला आवडणारा ठोका त्यांनी आजच पहिल्यांदा ऐकला होता, आणि करणनं तो कुणाचा धरला होता ते माझ्याबरोबरच त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“भाकर टाका,” भासरे दारातून म्हणाले. “आज मी बी लवकर जेवतो.”

मी पदर घेतला आणि तांब्यातून पाणी ओतून प्यायले.